पाण्यानं जात जाते म्हणे!



माझ्या नावावर चार वह्यांत हिशेब आहे, आणि चारही वह्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या.

सरकारच्या वहीत मला जात नाही. गावाच्या वहीत मला जातीशिवाय दुसरं काहीच नाही. चर्चच्या वहीत जात आहे, पण तिचं नाव देवाच्या घरात काढायचं नाही. आणि तुमच्या वहीत, चळवळीच्या वहीत, मी ती जात मिशनच्या गव्हासाठी विकून खाल्ली असं लिहिलंय.

मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काम करतो, राहायला बदनापूरला. जन्म मांगाच्या घरात. पणज्यापासून आम्ही ख्रिस्ती. आणि मी बाबासाहेबांचा. या तीन गोष्टी एका कातडीत मावत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे लिहितोय. गोड बोलणार नाही. गोड बोलायला पाळकसाहेब आहेत.

आधी सरकारची वही उघडू.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. संविधान (अनुसूचित जाती) आदेश. त्याचा तिसरा परिच्छेद लहानसा आहे. अर्थ एवढाच, की जो हिंदू धर्म पाळत नाही त्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. १९५६ ला त्यात शीख आले. १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेर. ही युक्ती १९५० ची नवी नाही. इंग्रजाच्या १९३६ च्या यादीतही भारतीय ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरू नये असं लिहिलेलं होतं. साहेब बोटीत बसून गेला, ही ओळ मात्र इथंच ठेवून गेला.

आता बाकीच्या याद्या बघा. अनुसूचित जमातीच्या यादीत धर्म विचारत नाहीत. माझ्या पाळीत झारखंडचा एक उरांव पोरगा आहे. गळ्यात क्रूस, खिशात जमातीचा दाखला. दोन्ही त्याचे, दोन्ही खरे. (त्याचाही दाखला काढून घ्या म्हणून आता मोर्चे निघतात. तेव्हा आपण कुणाच्या बाजूला उभं राहायचं हे सांगायला नको.) इतर मागासवर्गाला धर्म विचारत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत खुल्या वर्गातल्या गरिबांसाठी १० टक्के काढले, संसदेत दोन दिवसांत मंजूर झाले, तिथंही धर्म विचारला नाही. उच्च जातीतून ख्रिस्ती झालेल्या घरातला गरीब पोरगा त्या १० टक्क्यांत बसतो. फक्त एकाच यादीच्या दारात धर्म विचारणारा राखणदार बसवलाय. ती यादी आमची.

याचा अर्थ बदनापुरात काय होतो? बदनापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मी तिथं मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. माझा एक चुलत चुलता हिंदू राहिला. त्याचा आजा आणि माझ्या बापाचा आजा एकच माणूस. चुलता राखीव वॉर्डातून उभा राहतो, मी त्याचे कागद भरून देतो. एकाच कुडाच्या घरातून निघालेली दोन माणसं. एक अनुसूचित, दुसरा कुणीच नाही.

आणि मार खायची वेळ आली की? आमच्या वस्तीतल्या एका ख्रिस्ती पोराला पोळ्याच्या दिवशी जातीवरून शिव्या देऊन चोपलं. मारणाऱ्यांनी त्याला धर्म विचारला नव्हता. पोरगा ठाण्यात गेला. ठाण्यात मात्र पहिला प्रश्न धर्माचा. ख्रिस्ती आहेस ना? मग अ‍ॅट्रॉसिटी कशी लागेल? मारणाऱ्याला जात दिसली, शिवी देणाऱ्याला दिसली, फक्त कायद्याला दिसली नाही. १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. पोरगा यादीत नाही, तर त्याच्यावर अत्याचारही झाला नाही! बऱ्याच राज्यांत आम्हाला इतर मागासवर्गात बसवलंय. त्यानं फीमध्ये सूट मिळते, इतर मागासवर्गाच्या आरक्षणात वाटा मिळतो. अंगावरच्या वळांना कायद्याचं छत्र मिळत नाही, अनुसूचित जातीची राखीव जागा मिळत नाही.

मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराचं प्रकरण तुम्हाला माहीत पाहिजे. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवायचा. सरकारनं अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या, त्याला दिली नाही, का तर तो ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ ला कोर्टानं काय सांगितलं? धर्मांतरानंतर जात टिकून राहते एवढं दाखवून भागत नाही. नव्या धर्मातही तेवढेच जबर हाल आहेत, हे सिद्ध करा. म्हणजे टपरी पाहिजे असेल तर चांभारानं आधी समाजशास्त्राचा ग्रंथ लिहावा! बरं, पुरावा गोळा करायला माणसं बसवली. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रांच्या आयोगानं २००७ ला अहवाल दिला आणि सांगितलं, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून सोडवा. २०२२ ला केंद्र सरकारनं कोर्टात सांगितलं, तो अहवाल सदोष आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा आयोग नेमला, न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा, मुदत दोन वर्षं. दोन वर्षं सरली, मुदतवाढ आली. ती सरत आली, पुन्हा मुदतवाढ. या प्रश्नावरचा २००४ चा अर्ज सुप्रीम कोर्टात वीस वर्षांपेक्षा जास्त काळ फिरला. ते १० टक्के दोन दिवसांत. ही दोन दिवस आणि वीस वर्षं शेजारी शेजारी मांडून बघा. जात गेली का नाही, हे त्यातच कळतं.

आता तुम्हाला थोडं लांब नेतो. अमेरिकेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती तिथल्या गुलाम सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ ला काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिथूनच. तेव्हा अमेरिका आपल्याला परकी नाही.

तिथं व्हर्जिनिया नावाची वसाहत होती. तंबाखूचे मळे, मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. मालक गोरे आणि ख्रिस्ती. तेव्हा एक पेच पडला. गुलामानं बाप्तिस्मा घेतला तर तो ख्रिस्ती भाऊ झाला. मग भावाला गुलाम कसं ठेवायचं? मालक घाबरले. १६६७ साली व्हर्जिनियाच्या सभेनं कायदा केला, की बाप्तिस्म्यानं माणसाच्या गुलामीत फरक पडत नाही. पाणी डोक्यावर घ्या, बेडी पायात राहू द्या.

आता दिल्लीचं कलम त्याच्या शेजारी ठेवा. व्हर्जिनियाचा कायदा म्हणतो, बाप्तिस्म्यानं काहीच बदलत नाही. दिल्लीचा आदेश म्हणतो, बाप्तिस्म्यानं सगळंच बदलतं, जात विरघळते. एकमेकांच्या तोंडावर बोलणारे कायदे, पण दोन्हींत फायदा कुणाचा? तिथं मालकाचा गुलाम राहिला. इथं गावाचा मांग राहिला, मांगाचा हक्क तेवढा गेला. पाण्याचा अर्थ मालकाच्या सोयीनं लावला की असंच होतं.

कुणी म्हणेल, जात म्हणजे वंश नव्हे. बरोबर. बाबासाहेबांनीच ते सांगितलंय. मांग आणि मराठा एकाच मातीचे, रंगावरून ओळखून दाखवा. २००१ ला डर्बनला वंशभेदाविरुद्ध जगाची परिषद भरली, आपली माणसं तिथं जातीचा प्रश्न घेऊन गेली, तेव्हा भारत सरकारनंही हेच तोंड पुढं केलं, की जात म्हणजे वंश नाही, इथं तिचं काम नाही. पण सरकारची गंमत बघा. डर्बनला म्हणायचं जात ही आमची घरगुती बाब. आणि घरात ख्रिस्ती मांग विचारायला आला की म्हणायचं तुला जातच नाही. काळ्याच्या कातडीवर लिहिलेलं असतं, म्हणून त्याला चर्चमध्ये कुणी सांगू शकत नाही की तू आजपासून काळा नाहीस. आमचं आडनावावर लिहिलेलं, वस्तीवर लिहिलेलं, आज्याच्या धंद्यावर लिहिलेलं. जालन्यात भाड्याची खोली बघायला गेलो की नाव सांगेपर्यंत घरमालक हसतो. मग विचारतो, आडनाव काय? गाव कोणतं? गावात कुठं राहता? तिसऱ्या प्रश्नाला खोली भरलेली असते. गावात लग्न निघालं की पाटलाचा गडी अजून आमच्याच दारात येतो, हलगी घेऊन चला म्हणतो. दारावरचा क्रूस त्याला दिसतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. ख्रिस्ती मांगाची हलगी काही वेगळी वाजत नाही.

बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटर. त्या जालन्याला या प्रश्नाचा जुना इतिहास आहे, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला, १८४३ साली ख्रिस्ती झाला. पुढं निजामाच्या मुलखात जालन्याला आला, सालारजंगाच्या कारकिर्दीत सरकारकडून जमीन मिळवली आणि ख्रिस्ती लोकांचं बेथेल नावाचं गाव वसवलं. त्याच्या मंडळीत मांग मोठ्या संख्येनं आले. गावकुसाबाहेरच्या माणसाला गाव मिळालं, ही लहान गोष्ट नव्हे. जे म्हणतात गव्हासाठी गेले, त्यांना मी विचारतो, ज्याला हजार वर्षं गावात घर नव्हतं तो घरासाठी गेला तर त्याची लाज कुणाला वाटायला पाहिजे? जाणाऱ्याला, की ज्यानं घर दिलं नाही त्याला?

पण याच शेषाद्रीच्या घरातली दुसरी गोष्ट ऐका. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत. लहान पोर. तोही मिशनऱ्यांकडं राहिला. बापानं कोर्टात जाऊन पोराला परत आणलं. आणि मग मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणांत रण माजलं. पोर ख्रिस्ती लोकांत राहिलं, त्याला जातीत परत घ्यायचं का नाही? प्रायश्चित्त कोणतं? बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणणाऱ्यांत होते, म्हणून त्यांनाही लोकांनी सोडलं नाही.

यातून शिका. ब्राह्मणाची जात ख्रिस्ती पंगतीत बसल्यानं जाते, कारण ती जात म्हणजे तिजोरी आहे आणि तिजोरीवर पहारा असतो. आमची जात काही केल्या जात नाही, कारण ती म्हणजे पाठीवरचं ओझं, आणि ओझं हरवलं म्हणून कोण पहारेकरी ओरडतो? नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले. चित्पावन. त्यांनी सोसलं, घरदार तुटलं, ते मी नाकारत नाही, आणि त्यांची भजनं माझी आई कापूस वेचताना म्हणते. पण टिळक ख्रिस्ती झाल्यावर कवी राहिले, पंडित राहिले, शाळेच्या पुस्तकात आले. माझा पणजा ख्रिस्ती झाल्यावर दोरच वळत राहिला. मराठी ख्रिस्ती माणूस म्हटलं की बाहेरच्याच्या डोळ्यांपुढं टिळक येतात, पंडिता रमाबाई येतात. आणि चर्चमधल्या मागच्या सतरंजीवर बसलेली माणसं? ती मराठी ख्रिस्ती इतिहासात आकडा म्हणून येतात. अमुक साली अमुक बाप्तिस्मे.

पण त्या आकड्यांना तोंड होतं. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. त्यात तिनं धर्माच्या ठेकेदारांना तोंडावर विचारलं, आमचा धर्म कोणता ते सांगा. तो निबंध छापला कुणी? ‘ज्ञानोदय’नं. अमेरिकन मराठी मिशनचं पत्र. हा आपला सामायिक वारसा आहे, दोस्तांनो. मांगाची पोर, फुल्यांची शाळा, ख्रिस्ती छापखाना. यातलं एकही काढलं तर तो प्रश्न छापून येत नाही. आणि त्या प्रश्नाला अजून सरकारी उत्तर नाही. आज सरकार म्हणतं, तुझा धर्म कोणता ते आधी सांग, मग तुझं दुःख खरं का खोटं ते ठरवू.

आता चर्चची वही. इथं मी पाळकसाहेबांना आणि बिशपसाहेबांना सोडणार नाही.

गलतीकरांच्या पत्रातलं ते वचन, यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, ते वर्षातून चारदा तरी वाचलं जातं. वाचून झालं की पुस्तक मिटतात, आणि लग्न जमवायला बसतात तेव्हा महार ख्रिस्ती महार ख्रिस्तीकडं बघतो, मांग ख्रिस्ती मांग ख्रिस्तीकडं. आमच्यातच आम्ही भिंत सांभाळतो. गोव्यात कॅथलिकांना चारशे वर्षं होऊन गेली, तरी सोयरीक जुळवताना बामण, चार्डो, सुदीर मोजणारे आहेत. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मधोमध भिंत. मेल्यावर सगळे मातीच होतात म्हणतात, तिथं मातीलाही जात. २००८ ला एरैयूरला दलित ख्रिस्ती माणसांनी आपलं वेगळं चर्च मागितलं, तर वरच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांनी त्यांची घरं फोडली. शेवटी २०१६ च्या डिसेंबरात कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या घरात दलितांशी भेदभाव होतो हे लेखी कबूल केलं. २०२२ ला पहिला दलित कार्डिनल झाला. पोर्तुगीज येऊन पाचशे वर्षं झाल्यावर! टाळ्या वाजवू, पण आधी बोटं मोजू.

आणि आपल्या तालुक्यात हल्ली ज्या नव्या प्रार्थनासभा भरतात, तिथं हात ठेवून ताप बरा करतात, दारू सोडवतात. दारू सुटते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण जात बरी करायला अजून कुणी हात ठेवलेला नाही. उलट सांगतात, जुनं सगळं विसर, तू नवा माणूस झालास. मी कसं विसरू? गाव विसरलं का?

चर्चचं पाप मोठं आहे ते असं. कोर्टात म्हणायचं, आमच्यात जात आहे, सवलत द्या. आणि रविवारी म्हणायचं, आमच्यात जात नाही, विषय काढू नको. सरकारचा वकील यातलं दुसरं वाक्य उचलतो आणि पहिल्या वाक्याला मारतो. ज्याला दिल्लीत सांगायचं असेल की ख्रिस्ती माणसालाही जात चिकटते, त्यानं ते आधी वेदीवर उभं राहून सांगावं.

येशूचं पुस्तक मी पाळकसाहेबांच्या चष्म्यातून वाचत नाही. रात्रपाळी करून आल्यावर स्वतः वाचतो. सूखारच्या विहिरीवर तो भर उन्हात बसला आणि शोमरोनी बाईजवळ पाणी मागितलं. कोण होती ती? तिच्या हातचं पाणी यहुदी माणसाला चालत नव्हतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब ओंजळ भरायला उतरले, तेव्हा प्रश्न हाच होता. कोणाच्या हातचं, कोणत्या पाण्याचं. ज्याला विहीर आणि तळं यांतलं नातं दिसत नाही, त्यानं बायबल वाचलं असेल, पण पाणी कधी लांबून वाढून घेतलेलं नाही.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हे दीडदोनशे वर्षांपूर्वी ओळखलं. फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्यांना ओढून उठवलं. ते उठले आणि सगळेच बाहेर चालते झाले. त्यांच्यातला रिचर्ड अ‍ॅलन स्वतः गुलामीत जन्मलेला. १८१६ ला त्यानं काळ्यांचा स्वतंत्र चर्चसंघ उभा केला. त्यांनी देव मालकाकडं ठेवला नाही, बरोबर घेऊन बाहेर पडले. पुढं मार्टिन ल्यूथर किंग तशाच काळ्या चर्चमधून आला. आणि ‘आम्ही आता काळे नाही’ असं त्या चर्चनं कधी म्हटलं नाही. काळे आहोत आणि देवाचे आहोत, दोन्ही ताठ मानेनं म्हटलं. आपल्याकडं हे काम एका मराठी दलित ख्रिस्ती माणसानं हाती घेतलं. अरविंद निर्मळ. १९८१ ला बंगळूरला ब्राह्मणी पंडितीतून आलेलं भारतीय ख्रिस्ती तत्त्वज्ञान त्यांनी बाजूला सारलं आणि दलिताच्या दुःखातून देवाचा विचार मांडला. नासरेथकर येशू स्वतः दलित आहे म्हणाले. किती चर्चमध्ये त्यांचं नाव घेतात? आणि किती आंबेडकरी शिबिरांत?

इथून चौथी वही. तुमची.

तुम्ही म्हणता, बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म नाकारला, मग तुम्ही तिथं कशाला? नाकारला, खरं आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात सुटली नाही, तो हक्कासाठी लढायला उठला नाही, असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. ते लेखन १९८९ ला त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आलं. मिळवून वाचा. पण नीट वाचा. ख्रिस्ती अस्पृश्याची जात सुटली नाही, हे ज्या माणसानं लिहिलं त्याच्याच नावानं तुम्ही मला सांगता की ख्रिस्ती झालास, तुझी जात सुटली? बाबासाहेबांचं वाक्य माझ्या बाजूनं साक्ष देतंय. लढायला उठला नाही हा त्यांचा आरोप मात्र मी डोक्यावर घेतो. म्हणून तर लिहितोय.

तुम्ही म्हणता, ख्रिस्ती धर्मात जात नाही असं तुमचाच धर्म सांगतो, मग सवलत कसली? हा प्रश्न ओळखीचा वाटत नाही का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. बुद्धाच्या धम्मात जात नाही. म्हणून केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्रानं आपल्या हातातलं दिलं, दिल्लीनं दिलं नाही. १९९० उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! त्या चौतीस वर्षांत तुमच्या वस्तीची जात गेली होती का? १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात घरं पेटली, तेव्हा पेटवणाऱ्यांनी विचारलं का, की तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला तर आता जात नाही? ज्या युक्तिवादानं तुम्हाला चौतीस वर्षं उपाशी ठेवलं, तोच उचलून तुम्ही माझ्या तोंडावर मारता. तो युक्तिवाद आपला नव्हे, बामणी आहे. ज्याचा त्याला परत करा.

तुम्ही म्हणता, ताटात वाटेकरी वाढतील. ही भीती खरी आहे, मी हसणार नाही. महाराष्ट्रात १३ टक्के, त्यात एकोणसाठ जाती, त्यात आमचे हिंदू मातंग भाऊ आधीच म्हणतात आमच्यापर्यंत ताट येत नाही. मग असं बोला, की माणसं वाढली तर टक्के वाढवा. पन्नासची मर्यादा दाखवू नका. २०१९ च्या त्या १० टक्क्यांसाठी ती ओलांडली आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानं मान्य केलं. १ ऑगस्ट २०२४ ला त्याच कोर्टानं अनुसूचित जातींत वर्गवारी करायला राज्यांना मोकळीक दिली. आमचा वेगळा, मोजून मापून वाटा ठरवा, तुमच्या घासाला हात लागू देऊ नका. आणि घास बाजूला ठेवला तरी अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा उरतोच. त्यात कुणाच्या ताटातलं काय कमी होतं? मार खाणाऱ्या ख्रिस्ती मांगाला कायद्याचं छत्र मिळालं तर कुणा बौद्धाची नोकरी जाते? एवढ्यावर तरी एकत्र या.

तुम्ही म्हणता, तुमच्यातले लोक दोन तोंडांनी जगतात. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. जगतात. २६ नोव्हेंबर २०२४ ला, संविधान दिनालाच, पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे. २०२५ च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, हिंदू, बौद्ध, शीख सोडून दुसऱ्या कुणी अनुसूचित जातीचा दाखला घेतला असेल तर तो रद्द होईल. आता सगळ्या वस्त्यांत धाक आहे. पोराच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं, हे आई-बाप रात्री बसून ठरवतात. प्रार्थनेला जाताना बायबल पिशवीत, पिशवीवर भाजी. मी विचारतो, खोटं बोलायला लावणारा कायदा खोटा, की पोटासाठी खोटं बोलणारी बाई? संविधानानं अंतःकरणाचं स्वातंत्र्य दिलं, आणि १९५० च्या त्या ओळीनं त्या स्वातंत्र्यावर दंड बसवला. देव बदल, पण हक्क जमा करून जा. हा दंड आहे. माणूस कोणत्या देवापुढं हात जोडतो यावर सरकारनं लावलेला दंड.

आणि संघवाल्यांना हे कलम एवढं प्रिय का आहे? एका क्षणासाठी तुमचा ख्रिस्ती धर्मावरचा राग बाजूला ठेवून विचार करा. हे कलम दलिताला हिंदू धर्माच्या खुंट्याला बांधून ठेवणारं दावं आहे. १९५६ ला ते तुमच्या गळ्यात होतं. १९९० ला तुमच्यापुरतं कापलं, तेही असं सांगून, की बौद्ध आणि शीख तर आपल्याच घरचे. आपल्याच घरचे! बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा घेऊन जे घर सोडलं, त्याच घरचे तुम्ही, असं म्हणून दिलेली सवलत तुम्ही माझ्याविरुद्ध वापरणार? मी बाहेर आहे तोवर तुमचीही सवलत हक्क नाही, मेहेरबानी आहे. तिसरा परिच्छेद पूर्ण खोडला जाईल, त्या दिवशी तुम्हीसुद्धा मोकळे व्हाल.

म्हणून तीन कामं सांगतो. करायची असली तर करा, नसली तर माझ्याशी जाहीर भांडा, पण गप्प बसू नका.

एक. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद खोडा, ही मागणी आंबेडकरी चळवळीच्या ठरावात आली पाहिजे. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांच्या मोर्चात शोभेचे पाहुणे म्हणून नको. आपली मागणी म्हणून.

दोन. तोवर वाट बघायची नाही. ख्रिस्ती वस्तीवर अत्याचार झाला की त्याच रात्री बौद्ध वस्तीतली पोरं तिथं गेली पाहिजेत, बौद्ध वस्तीवर झाला की आमची. कायदा यादी बघतो. आपण यादी बघायची नाही.

तीन. हे काम आमचं, ख्रिस्ती पोरापोरींचं. चर्चमध्ये उभं राहून आडनाव आणि जात मोठ्यानं सांगा. विचारा, समितीवर आमचे किती, सोयरीक कुणाशी, माती कुठं देता? बाहेर काढलं तर फिलाडेल्फियाची आठवण ठेवा. उठताना देव तिथं सोडून येऊ नका.

येत्या १० ऑगस्टला ख्रिस्ती संघटना काळा दिवस पाळतील, दरवर्षी पाळतात. मी मिलमधून खाडा करून जाणार आहे, जयभीम म्हणत. त्या मोर्चात निळे झेंडे किती येतात ते मोजणार आहे. तुम्ही माझ्या वहीत काय लिहायचं ते तेव्हा ठरेल.